आजच्या शहरातला मांत्रिक: कथेसाठी जादूचे नियम कसे बांधावेत

मांत्रिकाने बोट उचललं आणि धावती लोकल जागच्या जागी थांबली. हे वाक्य लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत आणि वाचकालाही ते तसंच फुकट वाटतं. राजवाड्यातल्या किंवा जंगलातल्या गोष्टीत वाचक फार प्रश्न विचारत नाही. मुंबई-पुण्यात घडणाऱ्या गोष्टीत मात्र तो लगेच विचारतो की लोकल थांबवू शकणारा हा माणूस रोज सकाळी त्याच लोकलला लटकून कामावर का जातो, आणि घरभाडं कसं भरतो. याचं उत्तर पहिलं प्रकरण लिहिण्याआधी तुमच्या वहीत असायला हवं. ते कसं तयार करायचं हे इथे एक पूर्ण व्यवस्था बांधून दाखवलं आहे. ती जशीच्या तशी घ्या किंवा आकडे बदला, पण आकडे मांडाच.

पहिली पायरी: माणसाला नाव द्या

‘जादूगार’ म्हटलं की मराठी वाचकाला रंगमंचावर टोपीतून कबूतर काढणारा माणूस दिसतो. मांत्रिक, देवऋषी, भगत हे शब्द जिवंत आहेत. पालघर-डहाणूकडच्या पाड्यांवर भगताकडे आजही आजारी माणूस नेला जातो. चेटूक, करणी, मूठ, भानामती या शब्दांच्या पोटात ‘हे कुणीतरी केलं’ असा आरोप असतो, आणि तो आरोप बहुतेक वेळा शेजारच्या एकट्या बाईवर येतो. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालेली आहे, गावाबाहेर काढलेलं आहे. म्हणून कथेतल्या खऱ्या जादूला यांतलं कुठलंही नाव देऊ नये, वेगळं घडवावं.

इथे आपण ‘धुनीकर’ म्हणू. नाथपंथी जोगी धुनी सतत पेटती ठेवतात. आपल्या व्यवस्थेत जादू उबेवर चालते, त्यामुळे नावातच नियम आला. आडनावासारखं ‘कर’ लागल्याने ते मराठी कानाला परकंही वाटत नाही.

दुसरी पायरी: तीन आकडे

पहिला आकडा जोराचा. धुनीकराचं स्वतःचं जेवढं वजन, तेवढाच त्याचा जोर. साठ किलोचा माणूस साठ किलोंपर्यंतचं वजन तोलू शकतो, एकसष्ट नाही.

दुसरा आकडा अंतराचा: सात हात. जुन्या मापात एक हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. सात हात म्हणजे सव्वातीन मीटरला थोडं कमी. चाळीतल्या एका खोलीची लांबी समजा. त्यापलीकडे काही चालत नाही.

तिसरा आकडा किमतीचा, आणि सगळी गोष्ट त्यावर उभी राहते. एक किलो वजन एक मिनिट तोलून धरायला एक किलोकॅलरी ऊब लागते, आणि ती धुनीकराच्या अंगातून जाते. साठ किलोच्या माणसाचं शरीर एक अंशाने गार करायला सुमारे ५० किलोकॅलरी काढाव्या लागतात. हे शरीराच्या उष्णताधारणेवरून येणारं खरं गणित आहे. निरोगी तापमान ३७ अंश सेल्सियस, आणि ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. म्हणजे धुनीकराच्या खिशात दोन अंश, शंभर किलोकॅलरी, एवढीच रक्कम आहे.

बसल्या बसल्या शरीर तासाला साधारण ८० किलोकॅलरी उष्णता तयार करतं. त्यामुळे हळू चालणारं काम तापमानावर दिसत नाही, भुकेवर दिसतं. झटपट केलेलं काम मात्र सरळ तापमानातून वजा होतं.

तिसरी पायरी: हिशेब करून बघा

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायचं तर ७५ किलोकॅलरी लागतात. धुनीकराचं अंग दीड अंशाने गार पडेल. कपभर चहाचं पाणी, दीडशे मिलिलिटर, अकरा किलोकॅलरींत होतं. म्हणजे अंग ०.२ अंश गार. आगीचे गोळे फेकणारा मांत्रिक या व्यवस्थेत पहिल्याच गोळ्यानंतर ब्लँकेट शोधत फिरेल.

आता उडणं. साठ किलोचा माणूस साठ किलोंचा जोर लावतो म्हणजे तो बरोबर तोलला जायला हवा. पण अंगावर कपडे, चपला, मोबाइल, किल्ल्या मिळून दोनेक किलो असतातच. तेवढ्यामुळे तो वर जाऊ शकत नाही. पडणं मात्र हळू होतं, आणि कथेला हेच जास्त उपयोगी. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, नऊ मीटरवरून, त्याने उडी टाकली तर खाली पोचायला साडेसात सेकंद लागतात आणि पाय टेकताना धक्का फूटभर उंचीवरून उडी मारल्यासारखा बसतो. खर्च साडेसात किलोकॅलरी, म्हणजे ०.१५ अंश. त्याच माणसाच्या पाठीवर दहा किलोंची सॅक असेल तर धक्का दीड मीटरवरून पडल्याचा: घोटा मुरगळेल. सॅक टाकायची की घोटा, हा प्रश्न नायकाला उडी टाकण्याआधीच पडला पाहिजे. असा प्रसंग आकड्यांशिवाय सुचत नाही.

समोरून येणारी मोटार? एक टन वजन, ताशी ६० किलोमीटर वेग. तिच्यातली गतिज ऊर्जा सुमारे १,३९,००० जूल. धुनीकर सात हातांच्या अंतरात साठ किलोंच्या जोराने जास्तीत जास्त १,९०० जूल काढून घेऊ शकतो. मोटारीचा वेग ६० वरून ५९.६ होईल. भरलेली बारा डब्यांची लोकल पाचशे टनांहून जड असते. तिच्यावर तर नोंद घेण्यासारखाही फरक पडणार नाही.

मग तो गाडी थांबवतो कशी? मागच्या सीटवर बसून ब्रेकचा पेडल दाबून. दहा किलोंचा जोर, तीन सेकंद, अर्धी किलोकॅलरी. थांबवण्याचं काम गाडीचे स्वतःचे ब्रेक करतात. लोकलमध्ये दाराशी चेंगरलेला असताना हात वर जात नाही, पण साखळी सात हातांत आहे. ती ओढली जाते आणि गाडी थांबते. त्यानंतर रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम १४१ लागू होतं: सबळ कारण नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आजच्या शहरातल्या जादूचं मर्म इथे आहे. पूर्वीच्या मांत्रिकाभोवती दगड, लाकूड, पाणी होतं. आजच्या धुनीकराभोवती बटणं, कड्या, झडपा, खटके आहेत, आणि प्रत्येकामागे त्याच्यापेक्षा हजारपट मोठी शक्ती बोटाच्या स्पर्शाची वाट बघत उभी आहे. म्हणून त्याला यंत्रं कळायला हवीत. आतला भाग दिसत नसला तरी चालेल, पण तो कुठे आहे आणि कुठल्या बाजूला हलतो हे ठाऊक हवं. सात लिव्हरचं कुलूप घ्या. आतल्या सातही पट्ट्या स्प्रिंगने दाबलेल्या असतात. प्रत्येक पट्टी आपापल्या नेमक्या उंचीवर उचलून, सगळ्या एकाच वेळी तिथे धरून, मग खिट्टी सरकवायची. पट्टी कमी उचलली तर अडते, जास्त उचलली तरी अडते. वजन नगण्य, खर्च शून्यासारखा, पण असं कुलूप खोलून, पट्ट्या टेबलावर मांडून अभ्यास केल्याशिवाय जमणार नाही. तुमच्या धुनीकराचा पहिला गुरू एखादा किल्लीवाला असेल तर ते अगदी योग्य होईल.

चौथी पायरी: मंत्राची बांधणी

शाबरी मंत्रांची परंपरा आपल्याकडे आहे. ते संस्कृतात नसतात, लोकभाषेत असतात, आणि त्यांत देवाची किंवा गुरूची आण घातलेली असते. कोकणात आणि गोव्यात देवाला गाऱ्हाणं घालतात, त्याची बांधणी तर करारासारखी काटेकोर असते: कुणाला साकडं घालतो आहोत, कोण घालतं आहे, काय हवं आहे, बदल्यात काय देऊ, आणि जमलेले लोक प्रत्येक टप्प्यावर ‘व्हय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात. हे चालू असलेले श्रद्धेचे विधी आहेत, त्यांचे शब्द उचलून कथेत घालू नयेत. बांधणी घ्यावी, शब्द आपले घडवावेत.

आपल्या मंत्राला चार भाग ठेवू. आण, वस्तू, काम, मुदत. उदाहरण म्हणून रचलेला:

*आण धुनीची, आण गुरूची.*
*आतली कडी, लोखंडी कडी,*
*वर जावो, वरच राहो,*
*दहा श्वास होईतो.*

‘आण’ म्हणताना ऊब कुठून घ्यायची हे ठरतं. धुनीची आण म्हणजे जवळच्या विस्तवातून. विस्तव नसेल तर अंगातून. दुसऱ्या ओळीत वस्तू दोनदा येते, दुसऱ्यांदा तिच्या धातूसह, कारण दारावर लाकडी अडसरही असू शकतो. तिसरी ओळ काम सांगते आणि ते धरून ठेवायचं आहे हेही. चौथी ओळ मुदत. हा मंत्र म्हणायला आठ-नऊ सेकंद लागतात. पाठलागाच्या प्रसंगात हे सेकंद मोजा. मागचा माणूस तेवढ्यात जिना चढून वर येतो.

मुदत तिथीवरही ठेवता येते, पण तिथी मध्यरात्री बदलत नाही हे ध्यानात ठेवा. चंद्र-सूर्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते, त्यामुळे ती कधी १९ तासांची तर कधी २६ तासांची असते. अमावास्या संपण्याचा क्षण मुंबईत आणि नागपुरात एकच. सूर्योदय मात्र नागपुरात साधारण २५ मिनिटं आधी. म्हणजे ‘सूर्योदयापर्यंत’ बांधलेलं दार नागपुरात आधी सुटेल, ‘अमावास्या संपेपर्यंत’ बांधलेली दोन दारं एकदम सुटतील. न्यू जर्सीतली मराठी धुनीकरीण मुंबईचं पंचांग बघत असेल तर तिला उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास वजा करावे लागतील. घड्याळ बदलल्याच्या आठवड्यात तिची चूक होणं हा चांगला कथाप्रसंग आहे.

काय बिघडतं, आणि का

सर्वात जास्त चुका मुदतीच्या होतात. मुदत म्हटलीच नाही तर काम चालूच राहतं. दोनशे ग्रॅमची कडी रात्रभर, आठ तास, धरली गेली तर खर्च ९६ किलोकॅलरी. शरीर तेवढी ऊब झोपेतच भरून काढतं. सकाळी प्रचंड भूक लागते आणि कारण कळत नाही. पण कडीऐवजी वीस किलोंचं फाटक असेल तर मिनिटाला वीस किलोकॅलरी, आणि पाच मिनिटांत तापमान ३५ वर. फाटक उघडून ‘झालं’ म्हणत पुढे चालू लागलेला नवशिका सात हातांबाहेर गेला की सुटतो. तिथेच पायरीवर बसला तर नाही.

दुसरी चूक जास्त घातक. तापमान उतरायला लागलं की आधी बोटं बधिर होतात, मग कापरं भरतं, मग जीभ जड होऊन शब्द ओघळतात, आणि विचार मंदावतो. हायपोथर्मियाची ही खरीच लक्षणं आहेत. मंत्रावर चालणाऱ्या माणसाला याहून वाईट काही नाही: मुदतीची ओळ शेवटी असते, आणि ती म्हणण्याच्या वेळीच जीभ अडखळते. ‘दहा’ नीट उमटत नाही, काम सुटत नाही, अंग आणखी गार पडतं. शहाणा धुनीकर म्हणून मुदत आधी म्हणून टाकतो आणि काम नंतर. वयस्क धुनीकरांचे मंत्र उलट्या क्रमाचे असतात एवढाच तपशील दिला तरी वाचकाला कळतं की या माणसांनी काय सोसलं आहे.

तिसरी गोष्ट द्रव्याची. गोरक्षनाथांच्या जन्माची कथा घराघरांत माहीत आहे. मच्छिंद्रनाथांनी दिलेलं भस्म त्या बाईने विश्वास न बसल्याने उकिरड्यावर टाकलं, आणि बारा वर्षांनी तिथूनच मुलगा निघाला. यात कथाकारासाठी एक पक्का नियम आहे: मंतरलेलं द्रव्य कुणाचा विश्वास आहे का हे विचारत नाही, आणि टाकून दिल्याने संपत नाही. तुमच्या कथेतला अंगारा कचऱ्याच्या गाडीतून डम्पिंग ग्राउंडवर गेला तर तिथे काय होईल, हे ठरवून ठेवा.

ऊब बाहेरून आणायची तर

अंगातली शंभर किलोकॅलरी कुणालाच पुरत नाही. गावाकडे चूल होती. आपल्याकडे दृष्ट काढून मीठ-मोहरी-मिरच्या विस्तवात टाकतात. त्या विस्तवाला कथेत काम देता येतं. फ्लॅटमध्ये काय? १४.२ किलोंच्या सिलिंडरमध्ये दीड लाखाहून जास्त किलोकॅलरी असतात, पण त्या जळाल्यावरच मिळतात, आणि शेगडी रस्त्यावर नेता येत नाही.

जमण्यासारखा उपाय म्हणजे गिझरचं पाणी. दहा लिटरची बादली, पाणी ४५ अंश, दोन्ही पाय घोट्यापर्यंत आत. ते पाणी २५ अंशांवर येईतो दोनशे किलोकॅलरी मिळतात, म्हणजे साठ किलो वजन तीन मिनिटं वीस सेकंद तोलता येतं. बादलीतलं पाणी बघता बघता गार पडतं, पावलांना कडेपासून झिणझिण्या येतात, आणि पाणी अंगापेक्षा गार झाल्यावरही पाय काढायचे नसतात. हा प्रसंग मोरीत घडवा. मंतरलेल्या गुहेपेक्षा मोरीतली प्लास्टिकची बादली जास्त पटते. थेट विजेच्या खटक्यातून ऊब घ्यायची परवानगी शक्यतो देऊ नका. १६ अँपिअरच्या प्लगमधून मिनिटाला ५३ किलोकॅलरी येत राहतात, आणि मग मर्यादाच उरत नाही. द्यायचीच असेल तर एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा खटका, पडणं हा अडथळा ठेवा.

दुसऱ्या माणसाच्या अंगातली ऊब ओढता येते का? या प्रश्नावर तुमच्या कथेतला खलनायक ठरेल. गर्दीच्या डब्यात चारशे माणसं असतात. प्रत्येकाकडून पाव अंश घेतला तर कुणाला कळणारही नाही, आणि एकूण पाच हजार किलोकॅलरी हाती येतात.

मोबाइल, कॅमेरा, झेरॉक्स

मंत्र म्हटला की मोबाइल बंद पडतो, सीसीटीव्हीवर मुंग्या दिसतात, ही सोय आळशी आहे. नियम नीट असतील तर तिची गरज नसते. मंत्र रेकॉर्ड करून वाजवला तर चालतो का? नाही, स्पीकरला अंग नाही, ऊब कुणाची घेणार? व्हिडिओ कॉलवरून? सात हात संपले. कागदावर काढलेल्या मंतरलेल्या आकृतीची, म्हणजे यंत्राची, झेरॉक्स? काढणाऱ्याच्या हाताची ऊब शाईत उतरली असेल तरच ते यंत्र, म्हणजे झेरॉक्स नुसता कागद. मुका माणूस? खुणांनी म्हणेल, आण, वस्तू, काम, मुदत हे चारही खुणांनी सांगता येतात, आणि थंडीने जीभ अडखळण्याचा धोका त्याला नसतो. (बोटं बधिर होण्याचा मात्र असतो.) कॅमेऱ्यात सगळं दिसतं, फक्त बघण्यासारखं काही नसतं: एक माणूस पुटपुटला आणि कडी निघाली. दिसू शकते ती थर्मल कॅमेऱ्यावरची गार पडत जाणारी आकृती.

कायदा कथेत आणा

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. चमत्काराचा दावा करून फसवणं आणि पैसे उकळणं, साप-कुत्रा-विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्र-तंत्र करणं, हे सगळं त्यात येतं.

खऱ्या जादूची कथा लिहिताना हा कायदा आड येतो असं समजू नका. धुनीकर लपून का राहतात याचं तो उत्तम कारण आहे, आणि तुमच्या व्यवस्थेला त्यातून तीन बंधनं मिळतात. ऊब देता-घेता येते, पण रोग बरा होत नाही: ना कर्करोग, ना सर्पदंश. कुणी काय केलं हे जादूने शोधता येत नाही, म्हणून कुणाकडे बोट दाखवता येत नाही. आणि पैसे घेऊन काम करणारा प्रत्येक माणूस कथेत भोंदूच निघतो. ही बंधनं पाळली तर तुमची गोष्ट वाचून कुणी आपल्या आजारी मुलाला दवाखान्याऐवजी दुसरीकडे नेणार नाही.

शेवटची पायरी: प्रकरणाची वही

प्रत्येक प्रकरणासोबत एक पान ठेवा आणि धुनीकराचं तापमान लिहीत जा. एका रात्रीच्या पाठलागाचं पान असं दिसेल. अकरा दहा, ३७.०. अकरा चौदा, फाटक दोन मिनिटं धरलं, ४० किलोकॅलरी, ३६.२. अकरा सतरा, तिसऱ्या मजल्यावरून उतरला, सॅक वर टाकून, ३६.०५. अकरा वीस, मोटारसायकलखाली अडकलेल्या मुलाला काढताना साठ किलोंचा भार अर्धं मिनिट उचलला, ३० किलोकॅलरी, ३५.४५. आता त्याचे संवाद तुटक लिहा. बोटांनी त्याला फोनचं लॉक उघडता येत नाही. टपरीवरचा चहा हातात आला तरी त्या अर्ध्या कपाच्या वाफेतून दोन-अडीच किलोकॅलरीच मिळतात. दोन चमचे साखरेच्या चाळीस आहेत, पण त्या अंगी लागायला वेळ जातो. आणि पुढचं दार त्याला लगेच उघडायचं आहे.